आधी काटा, मग गाडी

सदर : पेढीवरून



पर्युषण आटोपले, क्षमापनेच्या निमित्ताने घरोघरी जाणेयेणे सुरू झाले आणि पुतण्या बदलापूरहून आमच्या अंबरनाथच्या घरी आला. नमस्कार झाला, मिच्छामि दुक्कडं झाले, चहापाणी झाले. मग त्याने पिशवीतून चार कंपन्यांची गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रके काढली आणि माझ्यापुढे मांडली. “मोठे काका, जुनी गाडी आता आठवड्यातून दोन दिवस गॅरेजमध्येच असते. दणकट डिझेल पिकअप घ्यायची आहे. यांतली भरवशाची कोणती ते तुम्ही एकदा सांगा, म्हणजे धनतेरसला घरी आणतो.”

त्याचे दुकान लाद्या, सॅनिटरी आणि नळसामानाचे. बदलापुरात ज्या वेगाने इमारती उभ्या राहत आहेत त्या वेगाने त्याचा धंदा वाढला, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मी माहितीपत्रके बाजूला सारली आणि विचारले, “तुझ्या एका फेरीत किती किलो माल असतो?”

“काका, साधारण नव्वद पेट्या.”

“पेट्या नव्हे, किलो.”

त्याला सांगता येईना. त्यात त्याचा दोष नाही. आपल्या समाजात दुकानातला तराजू तोळ्यामाशाने तपासला जातो. परंतु दुकानाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या गाडीवर किती वजन चढले, हे विचारले तर दहांपैकी नऊ पेढ्या अंदाजाने बोलतात. या सदरातून उधारी, भागीदारी, दुकानाची वाटणी अशा विषयांवर पुष्कळ लिहून झाले. या वेळी गाडीवर लिहितो, कारण हा प्रश्न पुतण्याचा एकट्याचा नाही.

प्रथम त्याच्या पेट्यांचा हिशेब करू. दोन फूट बाय दोन फुटांच्या चार लाद्यांची पेटी साधारण अठ्ठावीस किलोंची धरली, तर नव्वद पेट्या म्हणजे २,५२० किलो. त्याची जुनी गाडी सव्वा टनाच्या आसपासच्या पासिंगची. म्हणजे गाडी वर्षानुवर्षे दुप्पट भार वाहत होती, आणि तरीही ती ‘रोज बिघडते’ अशी तक्रार आपण करीत होतो! गंमत अशी की, नव्वद पेट्या उभ्या रचल्या तर हौदा निम्मासुद्धा भरत नाही. डोळ्याला गाडी रिकामी दिसते, हमाल म्हणतात अजून दहा चढतील, आणि मालकही मान डोलावतो. लादी, सिमेंट, लोखंड, खिळे, रंगाचे डबे हा सगळा माल डोळ्याला फसवणारा आहे. सिमेंटच्या पन्नास किलोंच्या गोणी घ्या : १.७ टन पासिंगच्या गाडीत कायद्याने चौतीसच बसतात. वाळूचा एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. त्याचे वजन चार टनांच्या वर जाते. अर्धा ब्रास पिकअपमध्ये टाकून ‘थोडीशीच वाळू आहे’ म्हणणारा माणूस दोन टनांहून अधिक भार लादत असतो.

उलट उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून निघणारी गाडी पाहा. पलंग, कपाटे, सोफे यांनी हौदा शिगोशीग भरतो, वर ताडपत्री, दोर, आणि काट्यावर नेले तर सात-आठशे किलोदेखील भरत नाहीत. कॅम्प ५ मधून जीन्सचे गठ्ठे नेणाऱ्याची स्थिती या दोहोंच्या मधली. फर्निचरवाल्याला लांब हौदा हवा, लादीवाल्याला मजबूत पाटे आणि मोठे पासिंग हवे, आणि अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत लोखंडी सुटे भाग पोहोचविणाऱ्याला या दोन्हींखेरीज हौद्याचा जाड पत्रा हवा. तिघेही शोरूममध्ये जाऊन एकच प्रश्न विचारतात : “सर्वांत दणकट कोणती?” विक्रेता तिघांनाही एकच उत्तर देतो. मला त्या उत्तरात रस नाही.

म्हणून पुतण्याला सांगितले, पंधरा दिवस प्रत्येक फेरीला गाडीचा काटा कर. आधी रिकामी, मग भरलेली. काट्याची चिठ्ठी वहीत चिकटव. काट्याला जे काही रुपये पडतील ते लाखांच्या खरेदीपुढे नगण्य आहेत.

काट्यावर उभे राहताना नोंदणी पुस्तक हाती असू द्यावे. त्यात दोन आकडे असतात : गाडीचे रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन. या दोहोंची वजाबाकी म्हणजे तुमचा खरा भार. येथे एक गोष्ट आपल्याकडे हमखास नजरेआड होते. गाडी घेतल्यावर आपण तिला लोखंडी जाळीचा पिंजरा बसवतो, फाळके उंच करतो, हौद्यात जाड पत्रा ठोकतो, कधी पाठीमागे शिडी लावतो. हे सारे शे-दीडशे किलोंचे सामान मालाच्याच वाट्यातून वजा होते. त्यात चालक आणि दोन हमाल यांचे वजन मिळवा. माहितीपत्रकातला १.७ टन आपल्या दारात येईपर्यंत दीड टनाच्या खाली आलेला असतो.

अधिक भार लादला तर काय होते? दंड होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार असा दंड लिहिला आहे, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च निराळा. हा दंड केवळ चालकाला नाही. गाडी तशी चालवू देणाऱ्यालाही आहे. परंतु दंड हा प्रकरणाचा लहानसा भाग झाला. यंत्रशास्त्रात एक ठोकताळा आहे. चाकाच्या बेअरिंगवर भार दीडपट केला तर तिचे आयुष्य दीडपटीने घटत नाही, तिपटीहून अधिक घटते; कारण ते भाराच्या घनाच्या प्रमाणात कमी होत जाते. भार दुप्पट केला तर आठवा हिस्साच आयुष्य उरते. पाटे, क्लचप्लेट, ब्रेकची लायनिंग, टायर या प्रत्येकाची कथा कमीअधिक फरकाने हीच. ‘कंपनी आता पूर्वीसारखा माल बनवत नाही’ हे वाक्य मी चाळीस वर्षे ऐकतो आहे. त्यातले निम्मे खरे असेल; उरलेले निम्मे आपल्याच गोदामात तयार होते.

हे मी इतरांना शिकवावे असा माझा अधिकार नाही, म्हणून आपलीच गोष्ट सांगतो. सन २००९. दिवाळीच्या आधीचे दिवस, मागणी जोरात. आमच्या पिकअपवर त्या सकाळी लाद्या आणि वर सिमेंटच्या गोणी चढविल्या. किती, ते मी मोजले नव्हते. नंतर बिलावरून जुळविले तर अडीच टनांच्या पुढे गेले. आमचे चालक वयाने माझ्याएवढेच, सगळी पेढी त्यांना मामा म्हणत असे. गाडीभोवती एक फेरी मारून ते काही क्षण मागच्या चाकांपाशी थांबले आणि काही न बोलता आत जाऊन बसले. उड्डाणपुलाच्या चढावर मागचा पाटा तुटला. गाडी एका अंगाला कलली, मागे घसरली, कठड्याला टेकून थांबली. मागून दुसरे वाहन येत नव्हते, हे नशीब. मामांचा उजवा हात कोपरापाशी मोडला. रुग्णालयाचा खर्च आम्ही केला, पगार चालू ठेवला, ते सारे केलेच पाहिजे होते. पण भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “शेठ, सकाळी गाडी बोलत होती. मला ऐकू आले होते.” मी विचारले, “मग सांगितले का नाही?” ते नुसते हसले. उत्तर मला कळले. माझ्या पेढीवर ‘इतका माल नको’ असे म्हणण्याची सोय मी त्यांना कधी दिलीच नव्हती.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत अतिभारारोपण हा एक आहे. लहानपणी पाठशाळेत आम्ही तो पाठ केला तेव्हा गुरुजी बैलाचे उदाहरण देत. बैल गेले, गाडीला डिझेल आले, आणि तो अतिचार आपल्याला लागू राहिला नाही असे आपण मनाशी ठरवून टाकले. गाडी निर्जीव आहे हे खरे. परंतु तिच्यात बसलेला माणूस आणि तिच्यापुढून रस्ता ओलांडणारे मूल निर्जीव नाही. एवढे बोलून हा विषय सोडतो, कारण पुतण्या माहितीपत्रके घेऊन अजून समोर बसला आहे.

वजन कळले की मग रस्ता. आपली तिन्ही गावे रेल्वेने पूर्व-पश्चिम अशी चिरलेली आहेत आणि रूळ ओलांडायला मोजके पूल; त्यामुळे चार किलोमीटरच्या फेरीला पाऊण तास लागणे नित्याचे. उल्हासनगर तर मुळात लष्करी छावणी. युद्धकाळातल्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचे नगर झाले. कॅम्प १ ते ५ ही नावे त्या छावणीचीच खूण. बराकींमधल्या जागांत पुढे दुकाने, कारखाने, गोदामे उभी राहिली. गजानन मार्केट किंवा जपानी बाजार या भागात भरली गाडी वळविणे ही एक कला आहे. तेथे पुढे नाक असलेली पिकअप आणि इंजिन आसनाखाली असलेली चपट्या तोंडाची गाडी यांतला फरक तत्काळ समजतो. तेवढ्याच एकूण लांबीत चपट्या तोंडाच्या गाडीला हौदा लांब मिळतो आणि ती आखूड जागेत वळते. नाकवालीचे इंजिन उघडायला सोपे, आसनाखाली उष्णता कमी, आणि पुढून धडक बसली तर चालकाच्या पायांपुढे काहीतरी असते. गल्लीतला व्यापार असेल तर पहिली, काटई-बदलापूर रस्त्याने किंवा मुरबाड-माळशेजकडे रोज जाणे असेल तर दुसरी, असे माझे मत.

पाण्याचाही विचार करावा. २६ जुलै २००५ येथे कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेही सर्वांनी पाहिले. उल्हास आणि वालधुनी या दोन नद्या दर पावसाळ्यात आपल्या गोदामांची परीक्षा घेतात. शोरूममध्ये इंजिनात हवा कोठून घेतली जाते ते दाखवायला सांगावे. ती नळी जितकी उंच तितके बरे. आणि गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर ओसरल्यावर किल्ली फिरवू नये. डिझेल इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पाचशे रुपयांच्या कामाचे लाखभर होतात. ओढून गॅरेजला न्यावी, मागच्या डिफरन्शियलचे तेलही पाहावे. ते दुधासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे.

आता इंजिन. येथे जुन्या अनुभवाचा उपयोग थोडा आणि अडचण जास्त. आपल्या पिढीने बजाज टेंपोच्या मॅटाडोरपासून सुरुवात केली. जाता जाता सांगतो, मराठी माणूस मालाच्या प्रत्येक गाडीला ‘टेंपो’ म्हणतो तो शब्द आपल्याच एका समाजबांधवामुळे रूढ झाला. अहमदनगरचे नवलमल फिरोदिया यांनी जर्मनीच्या टेंपो कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेंपो उभी केली, तीन चाकी मालगाड्या रस्त्यावर आणल्या आणि कंपनीचे नाव हेच वाहनाचे नाव होऊन बसले. त्या गाड्या रस्त्याच्या कडेला पान्याने दुरुस्त होत. डिझेल कसेही असो, त्या पीत.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आले आणि ते दिवस संपले. आजच्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाळणीत काजळी साठते आणि नळी पुरेशी तापली की ती जळून जाते. नळी तापायला गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटे बऱ्या वेगाने धावावी लागते. आपल्या तीन गावांत मात्र गाडी स्टेशन रोडवर रांगते, दुकानापुढे बंद होते, पुन्हा रांगते. गाळणी जळतच नाही, चोंदते. समोर दिवा लागतो, चालक त्याकडे काणाडोळा करतो, आणि एके दिवशी गाडीची ताकदच जाते. मग खर्च ऐकून मालक कंपनीला शिव्या देतो. उपाय साधा आहे : आठवड्यातून एकदा गाडी मुरबाड रस्त्याला किंवा काटईकडे मोकळ्या रस्त्यावर पहाटे अर्धा तास चालवून आणावी, आणि दिवा लागला की मध्येच इंजिन बंद करू नये. पंपाबाहेरचे स्वस्त डिझेल कधीही घेऊ नये. आजचे इंजेक्टर फार बारीक छिद्रांचे आणि प्रचंड दाबाचे आहेत, चमचाभर पाणीही त्यांना पुरते. ज्या गाडीला युरियाचे द्रावण लागते तिच्यात तेच घालावे, पाणी मिसळून वाढवू नये. गावठी काटकसर येथे अंगाशी येते.

येथे पुतण्याला मी एक प्रश्न विचारला, जो विक्रेता विचारीत नाही : तुला डिझेलच का हवे? दिवसभरात तीस-चाळीस किलोमीटर, तेही बदलापूर ते उल्हासनगर, आणि भार टनाच्या आत, असा धंदा असेल तर सीएनजी किंवा विजेवरची गाडी आज डिझेलपेक्षा शहाणपणाची ठरू शकते. टाटाची विजेवरची एस २०२२ मध्ये आली आणि २०२४ मध्ये तिचा एक टनाचा नमुनाही आला. तिला ना गाळणी, ना क्लच. आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरून कान टोचल्यावर राज्य शासनाने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मुंबई महानगर प्रदेशात केवळ सीएनजीवरची आणि विजेवरची वाहने ठेवता येतील काय, याचा अभ्यास तिच्याकडे सोपविला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही गावे या प्रदेशात मोडतात. दहा-बारा वर्षे वापरायच्या हिशेबाने डिझेल घेणाऱ्याने हे वारे कोणत्या दिशेचे आहे ते पाहून ठेवावे.

पण पुतण्याच्या बाबतीत डिझेल योग्यच आहे. आठवड्यातून दोनदा तो खोपोलीकडे, महिन्यातून दोनदा बोरघाट चढून माल पोहोचवितो, आणि भार नेहमी दीड टनाच्या पुढे. चढावर, कमी फेऱ्यांवर, पूर्ण भाराने ओढण्याचे काम डिझेल इंजिन ज्या सहजतेने करते ते अन्य इंधनाला या किमतीत अजून साधलेले नाही.

म्हणून माहितीपत्रके अखेर उघडली. महिंद्राची बोलेरो पिकअप हा आपल्या भागातला राजा आहे, यात वाद नाही. अडीच लिटरचे जुने, परिचित इंजिन. प्रत्येक गॅरेजवाल्याला तिची हाडे पाठ. आणि विकताना पैसे बरे येतात. २०२३ च्या मॅक्स मालिकेत १.३ ते २ टनांपर्यंतचे नमुने आणि दहा फुटांपर्यंतचा हौदा मिळतो. टाटाची योद्धा ताकदीने वरचढ आहे : २.२ लिटर, १०० अश्वशक्ती; २०२२ मध्ये तिचाही दोन टनांचा नमुना आला. घाटात ती बोलेरोपेक्षा सुखाने चढते, असे दोन्ही चालविलेले चालक मला सांगतात. अशोक लेलँडची बडा दोस्त आणि टाटाची इंट्रा व्ही ५० या दोन्ही दीड लिटर इंजिनाच्या, चपट्या तोंडाच्या. गल्लीत उत्तम, चालविण्यात मोटारीसारख्या हलक्या. इंट्राचा भार दीड टन, बडा दोस्तच्या मोठ्या नमुन्याचा त्याहून अधिक. लाद्यांसाठी मी यांतल्या पहिल्या दोन पाहीन, फर्निचर आणि कापडासाठी दुसऱ्या दोन. चारांपैकी कोणतीही वाईट नाही. तुमच्या दुकानापासून पाच-सात किलोमीटरच्या आत ज्या कंपनीचे सेवाकेंद्र आहे आणि जिच्या क्लचप्लेटसाठी चार दिवस थांबावे लागत नाही, तिला पहिला मान द्यावा. खरेदीआधी त्या सेवाकेंद्राच्या फाटकाशी एक सकाळ उभे राहून आत अडकलेल्या गाड्यांच्या चालकांशी बोलावे. तेथे खरी माहिती मिळते, आणि फुकट.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी दोनच शब्द. रंगाकडे पाहू नका, गाडीखाली जा. मागच्या पाट्यांत एखादा वरून घातलेला जादा पाटा दिसला तर समजावे की पूर्वीच्या मालकाने तिच्यावर दुप्पट भार वाहिला आहे. चासीला वेल्डिंगचा डाग असेल तर नमस्कार करून परत फिरावे. योग्यता प्रमाणपत्र पहिल्या आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी काढावे लागते, तेव्हा आठ वर्षांची गाडी स्वस्त का मिळते हेही ध्यानी घ्यावे.

हिशेबाची बाजू आपल्या वाचकांना मी काय सांगावी! तरी एक-दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. स्वतःच्या व्यापारासाठी घेतलेल्या मालगाडीवर भरलेला हा कर नियमित करदात्याला वजावटीत मिळतो, प्रवासी मोटारीसारखी त्यावर बंदी नाही. मात्र ती वजावट घेतली तर कराच्या तेवढ्या रकमेवर पुन्हा घसारा मागता येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला हा लाभ नाही. आपल्या सनदी लेखापालांना बिल बनण्याआधी विचारावे, नंतर नव्हे. परवान्याबाबतचा जुना घोळ सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मिटविला : हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोंपर्यंतची मालगाडी चालवू शकतो. सर्व पिकअप या मर्यादेत येतात.

राहिला चालक. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. बऱ्याच पिकअप साडेतीन टनांच्या आत, म्हणून ती सक्ती त्यांना नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता शिळफाट्याच्या कोंडीत पत्र्याच्या केबिनमध्ये बसलेला आपला माणूस कायद्याच्या बाहेर राहिला. काही नमुन्यांत ही सोय आता मिळते. त्याला लागणारे जादा पैसे पाच वर्षांच्या हप्त्यांत विभागले तर रोजच्या चहाइतके येतात. पॉवर स्टिअरिंग तर घ्यावेच. आणि मोकळ्या गाडीची चाचणी घेऊन परतू नये. विक्रेत्याला सांगावे की आमचा माल, आमचा रस्ता, आमचा चालक. जो विक्रेता आढेवेढे घेतो त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण नाही.

पंधरा दिवसांनी पुतण्याचा फोन आला. काट्याच्या अकरा चिठ्ठ्या जमल्या होत्या. सर्वांत हलकी फेरी २,१०० किलोंची, सर्वांत जड २,६४०. मी विचारले, काय ठरविलेस? म्हणाला, “काका, दोन टनांची गाडी घेतो, पण पेट्या साठच. पिंजरा बसवत नाही. मोठ्या साइटला दोन फेऱ्या, आणि दुसऱ्या फेरीचे भाडे बिलात दाखवणार. दोन बिल्डरांनी कुरकुर केली, एक दुसऱ्या दुकानात गेलासुद्धा.” आवाजात थोडी खंत होती. ती असणारच, गेलेले गिऱ्हाईक कोणाला आवडते?

शोरूममध्ये तो आपल्या चालकाला घेऊन गेला. विक्रेता रंग, दिवे, फोनला जोडणारा पडदा दाखवीत होता. चालक तेवढ्यात गाडीखाली शिरला होता. मागचे पाटे मोजून तो बाहेर आला, हात झटकले आणि पुतण्याला म्हणाला, “शेठ, पेट्या नक्की साठच ना?”

पुतण्याने त्याच्यासमोरच फोन लावून गोदामात तसे सांगितले.